आतेनणंदेची प्रश्नावली

मी इंग्लंडला शिकायला गेले आणि चौथ्या महिन्यात विद्यापीठाने मला परभणी जिल्ह्यात पाठवलं. हे ऐकून लोक हसतात. मलाही आता हसू येतं, पण तेव्हा आलं नव्हतं.

अभ्यासक्रमाचं नाव लांबलचक होतं, अर्थ साधा होता. वेगवेगळ्या देशांतली माणसं आजारी का पडतात आणि औषध असूनही बरी का होत नाहीत, हे शिकायचं. वर्गात झांबियाची एक नर्स होती, पेरूचा एक डॉक्टर होता, दोन डॅनिश मुली होत्या, बाकी बरेचसे इंग्रज. हिवाळ्यात सगळ्यांना फील्ड कोर्ससाठी परदेशी जावं लागे. एक तुकडी आफ्रिकेत, एक भारतात. मी अर्ज आफ्रिकेचा केला होता. घरातून एवढ्या लांब निघालेच आहे तर आणखी एक जग पाहून घेऊ, असं मनात होतं. पण कोर्स चालवणाऱ्या मॅडमनी माझं नाव भारताच्या तुकडीत घातलं. तुला भाषा येते, तुझा तिथे उपयोग होईल, असं त्या म्हणाल्या. त्यांची परभणीतल्या एका डॉक्टरांशी जुनी ओळख होती. याच डॉक्टरांच्या संस्थेत मी गृहविज्ञानाची पदवी घेतल्यावर कामाला लागले होते आणि त्यांच्याच शिफारशीवर मला शिष्यवृत्ती मिळाली होती. त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आण्णा सोनपेठच्या शिवारातली आमची थोडी कोरडवाहू जमीन कसत, आणि पाऊस दगा देई त्या वर्षी आईला घेऊन ऊसतोडीला जात. मी तेव्हा सोनपेठला शाळेत होते. शाळेतल्या बाईंनी मला दोन हिवाळे स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, म्हणून माझी शाळा सुटली नाही. पुढे परभणीच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई, मग ते डॉक्टर. मी कुठे पोचले असेन तर अशा माणसांच्या हातांवरून पोचले आहे. त्यामुळे मला कुठेही बसलं की वाटायचं, आपण दुसऱ्या कोणाच्या तरी जागेवर बसलोय आणि आता उठ म्हणतील.

विद्यापीठाची अट अशी होती की फील्ड कोर्समध्ये पास झाल्याशिवाय पुढच्या सत्रात बसता येणार नाही. इंग्रज मुलांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, नापास झाले तर पुढच्या वर्षी पुन्हा येतील. माझी शिष्यवृत्ती मात्र तिथेच थांबणार होती. परतीच्या विमानाचं तिकीट असलं तरी त्याला अर्थ उरणार नव्हता.

भारतात उतरल्यावर मला दोन दिवस घरी जायला मिळाले. आईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मी हातपाय धुवून बसते तोच सांगितलं की पालमच्या बाजूचं एक स्थळ आलंय. मुलगा शाळेवर शिक्षक, घरची शेती, माणसं चांगली. त्यांना लग्न उन्हाळ्यात उरकायचं होतं. आण्णांनी त्यांना काय सांगितलं ते मला नीट कळलं नाही. ते म्हणाले, तुझं ते कामाचं होऊ दे, मग बघू. त्यांनी मला विचारलं नाही, आणि मी हो की नाही ते बोलले नाही. मी नापास झाले असते तर नाही म्हणायला काही कारणच उरलं नसतं. पास झाले तरी थांबा हे त्या लोकांना कोण सांगणार होतं, तेही ठाऊक नव्हतं. हे ओझं घेऊनच मी देवगाव फाट्याला आले.

संस्थेचं केंद्र फाट्यापासून जवळ होतं. पत्र्याची लांब खोली, पुढे पडवी, मागे हापसा. आमचा मुक्काम तिथेच. फाट्यावरच्या भिंतींवर नामांतराच्या घोषणा गेरूने लिहिलेल्या होत्या, काही बाजूने, काही विरोधात, एकीवर दुसरी. झांबियाच्या नर्सने पहिल्याच संध्याकाळी मला त्या वाचून दाखवायला लावल्या. एका विद्यापीठाला कोणाचं नाव द्यायचं, यावरून माणसांची घरं जळाली हे सांगताना माझा आवाज खाली गेला. ती म्हणाली, मग हेही तुझ्या आरोग्याच्या अभ्यासात यायला हवं. मी हो म्हटलं, पण तेव्हा माझं लक्ष माझ्या कागदांवर होतं.

प्रत्येकाला एक गाव घ्यायचं होतं. संस्था काम करत असलेल्या गावांची नावं मॅडमनी वाचली, त्यात माझं आजोळ निघालं. मी लगेच हात वर केला. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, तिथे तुझे नातेवाईक आहेत ना, मग ते सोपं जाईल की अवघड? मी म्हटलं, सोपं. माझी पक्की खात्री होती. बाकीच्यांना दुभाषी शोधावा लागणार, घराघरांत ओळख काढावी लागणार. मी तर मामाच्या ओट्यावर बसून काम संपवीन.

विषय मी निवडला तो माझ्या पदवीला धरून. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाया काय खातात, किती खातात, कोणाच्या नंतर खातात. प्रश्नावली इंग्रजीत मॅडमनी तपासली, मराठीत मी केली.

पहिल्या दिवशी गावात शिरले तर पाराजवळच्या घरातली एक म्हातारी दळण निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कोणाची गं तू?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. अमक्याची भाची, सोनपेठला दिलेल्या तमकीची लेक.

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "आगं माय, तू तिची व्हय? परदेशात जाऊन आलीस म्हणं. वाळून गेलीस की गं. तिकडं भाकर देत न्हाईत का?" मग आत तोंड करून सुनेला हाक मारली. "आगं ये, नणंद आलीया तुझी. पाणी आण."

आतून माझ्याच वयाची एक बाई आली. पोट पुढे आलेलं, डोक्यावर पदर ओढलेला. तिने पाण्याचा तांब्या ठेवला, वाकून पाया पडली. मी अवघडले, तिला हाताला धरून खाली बसवलं आणि प्रश्न विचारायला लागले. सकाळी काय खाता? सगळं खाते. दुपारी? पोटभर. चक्कर येते का, थकवा? न्हाई ताई, समदं बरं हाय. घरातली माणसं लय चांगली हायेत.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की कोण आली आहे. मी ज्या घरी जाई तिथे माझं नातं माझ्याआधी पोचलेलं असे. गावात लेक म्हणून आलेली बाई साऱ्या गावाची लेक असते, आणि लेकीची लेकसुद्धा. सासवा मला जवळ बसवून तोंडावरून हात फिरवत, तिकडे बर्फ पडतो का विचारत, गूळ-शेंगदाणे पुढे करत, लग्नाचं काढत. सुना पाणी देत, पाया पडत आणि समदं बरं हाय म्हणत. कुठे कोणी उपाशी नव्हतं, कोणाला चक्कर येत नव्हती, कोणाचं दूध आटलं नव्हतं. आठवडाभराचे कागद मी मॅडमपुढे ठेवले तेव्हा त्यांनी सगळे चाळले आणि शांतपणे म्हणाल्या की आशिया खंडातलं सर्वांत निरोगी गाव तुला सापडलेलं दिसतं. डॅनिश मुली हसल्या. मी पण हसले, आणि मग मागे जाऊन हापशावर तोंड धुतलं.

झांबियाच्या नर्सचं गाव माझ्या आजोळापासून ओढ्यापलीकडे होतं. तिच्याबरोबर दुभाषी म्हणून संस्थेतली परभणीची एक मुलगी जाई. नर्सच्या कागदांवर बायांनी सगळं सांगितलं होतं. एकीने सांगितलं की दिवस गेल्यावर सासू भाकरीचे तुकडे मोजते, पोर मोठं होऊन अडकेल म्हणून. एकीने सांगितलं की बाळंतपणानंतर सव्वा महिना नावालाच, तिसऱ्या आठवड्यात ती निंदायला गेली होती. मी ते वाचत होते आणि मला राग येत होता. तिच्यावर नव्हे. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना तीच माणसं, तीच ज्वारी, मग मलाच का सांगत नाहीत? मराठी मला येते, तिला नमस्कारसुद्धा धड म्हणता येत नाही.

मी तिला तसं म्हणाले. तिने मला विचारलं की त्या बाया तुला कोणत्या नात्याने हाक मारतात. मी सांगितलं. नवऱ्याच्या आत्याची मुलगी, आतेनणंद. ती म्हणाली की आमच्याकडेही नवऱ्याच्या बहिणीला कोणी काही सांगत नाही. तिच्या भावाची बायको अजूनही तिच्यासमोर जेवत नाही.

इतकी उघड गोष्ट होती. सून नणंदेजवळ मला पोटभर मिळत नाही म्हणाली की ती नणंदेच्या माहेराची तक्रार झाली. मी प्रश्नावली घेऊन घरोघर जाऊन बायांना माझ्याच मामीची, माझ्याच चुलत मामीची तक्रार करायला सांगत होते, तेही त्या दारात बसलेल्या असताना. आणि पहिल्या म्हातारीजवळ नातं मीच तोंडाने सांगितलं होतं. सांगितलं नसतं तरी फार दिवस लपलं नसतं म्हणा.

मी मॅडमना गाव बदलून मागितलं. त्यांनी दिलं नाही. दिवस उरले नव्हते, आणि त्या म्हणाल्या की अडचण कळली हे चांगलं झालं, आता त्यातून मार्ग काढणं हाच तुझा अभ्यास. हे इंग्रजीत ऐकायला बरं वाटतं.

त्यानंतरचे काही दिवस मी नुसती चालत होते. केंद्रापासून गावात, गावातून केंद्रात, तिथून फाट्यावर. फाट्यावर एसटी थांबे, परभणीची, जालन्याची, सेलूची, आणि प्रत्येक गाडीच्या पाटीकडे मी बघे. कोणत्याही गाडीत बसावं आणि कुठेतरी उतरावं असं वाटे, पण कुठे ते सुचत नसे. घरी जावं तर पालमचं स्थळ. केंद्रात बसावं तर कोरे कागद. मामीकडे जेवायला जावं तर मामी ताटात तूप वाढता वाढता विचारायची की पोरगा दिसायला कसा हाय म्हणं.

मामीच्या सुनेला, म्हणजे माझ्या मामेभावाच्या बायकोला, दुसऱ्यांदा दिवस गेले होते. वहिनी सदा घाईत. माझी प्रश्नावली तिच्यापुढे झाली होती तेव्हा मामी उंबऱ्यावरच बसली होती, आणि वहिनीने सगळी उत्तरं तिच्याकडे बघून दिली होती. एका सकाळी ती आणि तिच्या बरोबरीच्या आणखी चौघीपाच जणी कापूस वेचायला निघाल्या. मी ओट्यावर रिकामी बसले होते. प्रश्न विचारायचा मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, मी पण येते.

"तुमी?" वहिनी म्हणाली. "हात कापतेल ताई. तुमचे हात आता कागदाचे झालेत."

मी ऊसतोडीच्या घरची आहे हे तिला सांगायची गरज नव्हती. मी साडी खोचली आणि कमरेला झोळी बांधली. पऱ्हाटीत शिरल्यावर कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्या आपापल्या ओळीत वाकून पुढे सरकत होत्या. बोंडांची टोकं खरंच बोचली, पण सवय अंगातून गेलेली नव्हती. थोड्या वेळाने मला बरं वाटायला लागलं. हाताला काम होतं आणि तोंडात प्रश्न नव्हता.

विचारलं त्यांनीच. माझ्या शेजारच्या ओळीतली एक बाई, तिला सगळ्या थट्टेखोर म्हणून ओळखत, मान वर न करता म्हणाली, "ताई, पालमचे पाव्हणे पसंत पडले का?"

दुसरी म्हणाली, "त्यांना इंग्लंडचा गोरा पसंत पडला आसंल. पालमचा काळा कशाला?"

हशा झाला. मी पण हसले. मग हसणं थांबलं, आणि सगळ्या गप्प होऊन वेचू लागल्या. म्हणजे त्यांना खरंच उत्तर हवं होतं. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण गेले कित्येक दिवस मला कोणीतरी विचारावं असं वाटत होतं, आणि विचारलं ते यांनी. मी सांगून टाकलं.

"मी आजून हो म्हणले न्हाई. मला लय भ्या वाटायलंय."

"कशाचं भ्या?" वहिनीने विचारलं.

"सासरचं. तुमी कसं निभावता ते मला कळत न्हाई."

वहिनी ताठ झाली, कमरेवर हात ठेवला, आणि पहिल्यांदा पदर न ओढता माझ्याकडे बघितलं. "बघा गं," ती बाकीच्यांना म्हणाली, "आपली नणंद सून व्हायलीय." आणि मग मला म्हणाली, "ये हिकडं. बस जरा. सांगते तुला."

तिने मला अगं-तुगं कधी केलं नव्हतं. ती माझ्याहून एखाद्या वर्षाने मोठी असेल, पण नणंद म्हणून ताई, तुमी, असंच. त्या क्षणी ते सुटलं.

बांधावर बसून त्यांनी फडकी सोडली. त्यात भाकरी होती, मिरचीचा खर्डा होता, आणि एकीने शेजारच्या रानातले हरभऱ्याचे डहाळे उपटून आणले. मग त्या बोलल्या. मला शिकवत होत्या, त्यामुळे एकमेकींच्या बोलण्यात घुसून बोलत होत्या. घरी जेवताना दुसरी भाकर मागू नको, नको म्हणत उठ, म्हणजे मान राहतो. भूक रानात भागवायची. हिवाळ्यात हुरडा, डहाळे, तुरीच्या शेंगा, बोरं. उन्हाळ्यात काही नसतं, तेव्हा दळणाच्या वाटेवर शेंगदाणे पदरात बांधून ठेव. पोटुशी राहिलीस तर पहिले तीन महिने कोणाला सांगू नको, सांगितलं की खाण्यावर नजर बसते. दिवस मावळल्यावर पाणी पिऊ नको, नाहीतर अंधारात बाहेर जायला सोबत कोण देणार. कंबर दुखली तर दुखते म्हणू नको, वाकून काम करताना दम घे, कोणाला कळत नाही. थट्टेखोर बाई म्हणाली की पहिल्या खेपेला तिला इतकी भूक लागे की चुलीपुढची राख खाई, आणि हे सांगताना तिने थट्टा केली नाही.

वहिनी शेवटी म्हणाली, "मामी वाईट न्हाईत. त्यांनी बी आसंच काढलं. मला परवा चक्कर आली व्हती पऱ्हाटीत, बसून घेतलं. त्यांना न्हाई सांगितलं. तुला बी न्हाई सांगितलं, तू कागद घेऊन बसली व्हतीस तवा."

मी म्हटलं की हे मला लिहावं लागेल, नावं न घालता. चालेल का? त्यांनी एकमेकींकडे बघितलं.

"कोणत्या भाषेत लिहितीस?" थट्टेखोर बाईने विचारलं.

"इंग्रजीत."

"मंग लिही. माझी सासू मराठी बी वाचत न्हाई."

वहिनीला मी दुसऱ्याच दिवशी केंद्रात यायला लावलं, चक्कर येते म्हणून. डॉक्टरांनी तपासलं, रक्त फार कमी निघालं, गोळ्या दिल्या. मामीला सांगितलं की गावातल्या सगळ्याच गरोदर बायांना बोलावलंय, आणि मग ते खरं करण्यासाठी खरंच सगळ्यांना बोलावलं. उरलेले दिवस मी वेचणीला जात राहिले. प्रश्नावली पेटीत ठेवून दिली. दुपारच्या वेळी बांधावर जे ऐकलं ते संध्याकाळी केंद्रात बसून लिहायचं, असा क्रम पडला. माझ्या प्रश्नावलीत घरात काय जेवलात असा प्रश्न होता. रानात काय खाता हे विचारायचं मला सुचलं नव्हतं, आणि मी तर त्यांच्यासारखीच आईबरोबर फडात वाढलेली.

पण मी बांधावर बोलले तेही तिथेच राहिलं नाही. पाच बायांनी ऐकलेली गोष्ट गावात राहत नाही हे मला कळायला हवं होतं. मामीचं बोलणं एकदम कमी झालं. ताटात तूप पडेनासं झालं. मामा बाजारच्या निमित्ताने सोनपेठकडे जाऊन आला आणि माझ्याशी नीट बोलला नाही.

तोंडी परीक्षा केंद्राच्या पडवीत होती. एकेकाने उभं राहून आपलं काम सांगायचं, मॅडम आणि डॉक्टर प्रश्न विचारणार. माझा नंबर यायच्या थोडं आधी फाटकातून आण्णा आत आले. डोक्याला पटका, हातात पिशवी, धोतरावर प्रवासाची धूळ. ते सोनपेठहून पहाटेच निघालेले असणार. डॉक्टरांनी त्यांना ओळखलं, नमस्कार केला, बसायला खुर्ची दिली. ते खुर्चीत बसले नाहीत. मागे भिंतीला टेकून उकिडवे बसले.

मी इंग्रजीत बोलायला लागले आणि ते ऐकत राहिले. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. त्यांनी मला बोलताना इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं, घरात आम्ही असं बोलत नसू. मी पहिल्या आठवड्याचे कागद दाखवले, ते का फुकट गेले ते सांगितलं, मग बांधावरचं सांगितलं. मॅडमनी खूप प्रश्न विचारले. ही घरं कशी निवडली? निवडली नाहीत, ज्या वेचायला आल्या त्या. मग हे साऱ्या गावाला लागू आहे असं कशावरून? लागू आहे असं मी म्हणत नाही. त्या बोलल्या ते तुझ्याबद्दल, आरोग्याबद्दल नाही, असं कोणी म्हटलं तर? मी म्हटलं, मला शिकवायचं म्हणून त्या बोलल्या, हे खरं आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही कारणाने त्या बोलल्या नसत्या.

मॅडमनी लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या की पद्धत कच्ची आहे, मार्क त्या मानानेच देईन, पण पास. अहवाल विद्यापीठात गेल्यावर पुन्हा लिहायचा.

मी आण्णांजवळ गेले. त्यांनी विचारलं, "काय म्हणल्या?"

"पास म्हणल्या."

ते उठले, मॅडमना दोन्ही हात जोडले, डॉक्टरांना जोडले, आणि मला म्हणाले, "चल फाट्यावर."

फाट्यावरच्या हॉटेलात त्यांनी दोन चहा सांगितले.

"मामा आलता," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "बाया काय बोलायल्यात ते सांगितलं. तू न्हाई म्हणलीस म्हणं."

"न्हाई म्हणले न्हाई आण्णा. हो बी म्हणले न्हाई."

"मग गावात सांगायचं? मला सांगायचं व्हतं. त्या लोकांच्या कानावर गेलं तर माझं तोंड कुठं ऱ्हायलं?"

"तुमी इचारलं न्हाई."

हे मी कशी बोलले मला माहीत नाही. त्यांच्यापुढे मी कधी असं बोलले नव्हते. चहावाल्याने ग्लास आणून ठेवले. आण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि न पिता बशी खाली ठेवली.

"आता इचारतो. जायचंय का तुला परत?"

"जायचंय."

"आन् मग येणार का तिकडंच ऱ्हाणार?"

"येणार."

"पालमचं काय सांगू?"

"मला कळत न्हाई आण्णा. माणूस मी पाहिलेला न्हाई. मला सासरचं भ्या वाटतंय एवढंच कळतंय. बायांना पण मी एवढंच बोलले."

"तेच सांगू का त्यांना? पोरीला भ्या वाटायलंय म्हणून?"

ते चिडून बोलले की खरंच विचारत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "तेच सांगा. सहा महिने थांबतेत का ते बी इचारा."

परभणीची गाडी आली. आण्णांनी चहा एका घोटात संपवला, पिशवी उचलली, आणि गाडीत चढताना वळून म्हणाले, "तू वाळलीस लय. आईला काय सांगू?" मी काही बोलायच्या आत कंडक्टरने दार ओढून घेतलं.

ते परभणीला उतरून सोनपेठला गेले नाहीत. तिथून त्यांनी पालमची गाडी धरली. हे मला पावसाळा लागताना, घरी परतल्यावर आईकडून कळलं. तोवर मी पुढचं सत्र संपवलं होतं, अहवाल दोनदा पुन्हा लिहिला होता, आणि वहिनीला मुलगी झाली होती. पालमच्या लोकांनी वाट पाहिली नाही. उन्हाळ्यातच त्यांनी दुसरीकडे लग्न उरकलं होतं. आण्णा त्याबद्दल माझ्याशी कधीच बोलले नाहीत, चांगलं नाही, वाईट नाही.

पण आईने एक गोष्ट सांगितली. पालमला आण्णांनी ओट्यावर बसून जसंच्या तसं सांगितलं, पोरीला भ्या वाटायलंय. मुलाचे काका उठून आत गेले. मुलाची आई मात्र दाराआड उभी होती, ती आतूनच म्हणाली, "वाटतंच की. मला बी वाटलं व्हतं. थांबूत आपण सहा महिने." तिचं कोणी ऐकलं नाही.

त्या बाईला मी कधी पाहिलं नाही. पुढे या जिल्ह्यात मी कितीतरी बायांशी बोलले, त्यांच्या रानात बसून, त्यांच्या ओट्यावर बसून, आणि पालमच्या बाजूला काम निघालं की अजूनही मला एका जागी बसवत नाही. ओट्यावर मोठी माणसं बोलत असली की माझी नजर दाराआड जाते, तिथे कोणी उभं आहे का, आणि ती काही म्हणायलीय का.